सतरा-अठरा

साडेअकराची गोळी द्यायला म्हणून ती बसच्या मागच्या सीटवरून उठली, एका हातात पाण्याची बाटली घेऊन, दुसऱ्या हाताने सीटांच्या पाठी धरत, हेलकावे खात पुढे आली, आणि पहिल्या रांगेत खिडकीशी, जिथे गेले सहा दिवस आई बसत होती, तिथे ऑर्गनबाईंची पर्स बसलेली तिला दिसली. चांगली गलेलठ्ठ पर्स, वर घडी घातलेला स्वेटर, स्वेटरवर चष्म्याचं घर. एखादं माणूस कुणाला त्रास न देता झोपी गेलं असावं तशी. तिने आधी पर्सकडे पाहिलं, मग दाराजवळच्या पायरीकडे, मग सीटखालीसुद्धा. नंतर पुष्कळ वेळा तिला ते आठवलं, की मी सीटखाली वाकून पाहिलं. आई काय चप्पल होती?

"आई कुठेय?"

ऑर्गनबाईंनी डोळे उघडले. चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवून त्यांच्या बोटांना चैन पडत नसे, झोपेतसुद्धा ती मांडीवर चालत असत. "मागे तुझ्यापाशी ना? सकाळीच म्हणाल्या मला, आज जरा मनीशेजारी बसते. म्हटलं बसा की, मलाही पाय पसरता येतील."

"माझ्यापाशी नाहीये."

"अगं मग?"

आणि त्या "अगं मग?"नंतर बसमध्ये इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखा आला. बाहेर पिवळ्या टेकड्या मागे पळत होत्या. बस शहर सोडून पन्नास मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं ती मागे बसून होती, खिडकीच्या काचेला डोकं टेकून, आणि मधेमधे पुढच्या सीटांच्या वर दिसणाऱ्या पांढऱ्या केसांकडे बघून मनात म्हणत होती, आहे. ते केस पाळकसाहेबांचे होते.

"असं होणारच नाही," मोजणीबाई म्हणाल्या. चर्चच्या या तीर्थसहलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना मोजणीबाई हे नाव पहिल्याच दिवशी पडलं होतं आणि त्यांनी ते खुशाल स्वीकारलं होतं. "बत्तीस झाले होते. मी स्वतः घेतलेत. सतरा-अठरा तूच म्हणालीस."

तूच म्हणालीस. खरंच होतं ते. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचं कार्ड होतं, आणि बस सुटण्यापूर्वी एकापासून बत्तीसपर्यंत प्रत्येकाने आपापला नंबर मोठ्याने म्हणायचा असा नियम होता. आईचा सतरा, तिचा अठरा. पण आईचा आवाज पहिल्यापासूनच बारीक, उपासनेत गायली तरी शेजारच्याला ऐकू न जाईल असा. पहिल्या दिवशी मोजणी सोळावर अडली, पुन्हा एकपासून सुरू झाली, पुन्हा सोळावर अडली, मागून कुणीतरी म्हणालं, "सतरा नंबर स्वर्गात पोचला की काय?" आणि आई ओशाळून कार्डाशी चाळा करू लागली. तेव्हा मागच्या सीटवरून हिनेच ओरडून सांगितलं, "सतरा-अठरा!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून तो एकच आकडा झाला. सोळा, सतरा-अठरा, एकोणीस. नदीकाठी, जन्मस्थानी, डोंगरावरच्या त्या आठकोनी देवळापाशी, सगळीकडे आईला ती बरोबर घेऊन हजर होत होती. आज सकाळी मोजणी आली तेव्हा फोन तिच्या हातात होता. तिकडे घरी पिल्लू जेवणाच्या खुर्चीत बसला होता, पावणेदोन वर्षांचा, हनुवटीला भात चिकटलेला, आणि सासूबाई म्हणत होत्या, "बघ, आई बघ, आईला टाटा कर." त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं, जसं माणूस बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहतं, आणि चमचा खाली टाकून तो कुठे पडला ते बघू लागला. पहिल्या दिवशी तो पडद्याला हात लावत होता, तिसऱ्या दिवशी रडला होता. आज सहाव्या दिवशी चमचा. "खेळकर झालाय हो अगदी," सासूबाई म्हणाल्या, "तुझी आठवणसुद्धा काढत नाही, निश्चिंत राहा." त्याच क्षणी कुठेतरी दूरवर कुणीतरी "सोळा" म्हणालं आणि तिच्या तोंडाने, तिच्याकडे न बघता, "सतरा-अठरा" म्हणून टाकलं.

रस्ता असा होता की पुढच्या पुलापर्यंत बस वळवता येत नव्हती. ड्रायव्हरला आपली भाषा येत नव्हती, पण त्याला सगळं समजलं. त्याने दोन्ही हात क्षणभर चाकावरून उचलले आणि परत ठेवले. मोजणीबाई त्या जागेच्या तिकीटखिडकीला फोन लावत होत्या, तो नुसता वाजत होता. आईचा फोन हिच्याच पिशवीत होता, चार्जिंगला लावायला म्हणून घेतलेला. बसमध्ये कुजबुज सुरू झाली होती. तळ्यावरची बोट दोनची होती आणि ती आता मिळणार नव्हती हे सगळ्यांना कळत होतं, पण पहिल्यांदा बोलायचं कुणी हा प्रश्न होता. शेवटी एका काकांनी तो सोडवला. "बोटीचं काय मोठंसं, बोट उद्याही असते. पण सख्खी लेक बरोबर असून आई मागे राहते, म्हणजे कमाल आहे." त्यांच्या बायकोने कोपराने ढोसलं, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. हिला राग आला नाही. हे वाक्य कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि आपण स्वतः ते इतक्या नीट म्हटलं नसतं, असं तिला वाटलं. मुठीत गोळी होती. घामाने तिचा वरचा गुलाबी रंग सुटून तळहाताला लागला होता.

पाळकसाहेब शेजारी येऊन बसले. "सापडतील," ते म्हणाले. "दिवसाची वेळ आहे, माणसांची जागा आहे." मग थोडं थांबून, न राहवून, म्हणाले, "आणि योगायोग बघ, आजच आपण तो अध्याय वाचला." हे तिच्या लक्षात आलं नव्हतं अशातला भाग नाही, पण ती त्याला मनात शिरू देत नव्हती, दाराला पाय लावून उभी होती. सकाळी त्या रुंद दगडी पायऱ्यांवर सगळे बसले होते. कधीकाळी या पायऱ्या चढून माणसं मंदिरात जात. दगड मधोमध झिजलेले होते, बशीसारखे. पाळकसाहेबांनी वाचलं : सणासाठी आलेले आईबाप घरी परत निघतात, बारा वर्षांचा मुलगा, म्हणजे आपला प्रभूच, मागे शहरातच राहतो, त्यांना पत्ता नसतो. असेल कुणाबरोबर तरी, इतकी माणसं आहेत वाटेने, असं धरून ते अख्खा दिवस चालतात. संध्याकाळी नातेवाइकांत शोधतात, आणि मग मागे फिरतात, आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांना इथे, या पायऱ्यांच्या वर कुठेतरी, म्हाताऱ्या पंडितांत बसलेला सापडतो. "अख्खा दिवस!" तेच काका म्हणाले होते. "मोजणीबाई नव्हत्या ना त्यांच्याकडे." सगळे हसले. मोजणीबाई सगळ्यांत जास्त हसल्या. हीसुद्धा हसली. आई हसली नाही, हे तिने पाहिलं होतं. तिचं काम पाहण्याचंच होतं. पण तिला वाटलं, डोळ्यांवर ऊन येत असेल, आणि तिने आपली छत्री आईच्या डोक्यावर धरली आणि आपण काहीतरी केलं असं समजून समाधान मानलं.

पुलाखालून बस वळली. आता टेकड्या दुसऱ्या बाजूने पळू लागल्या. नवऱ्याचा मेसेज आला होता. तो रोज सकाळी एक मेसेज पाठवत असे, बहुतेक चेष्टेचा, कारण निघण्यापूर्वी तिने फ्रिजवर चार पानी सूचना लावल्या होत्या आणि त्या चार पानांवर त्याचा संसार चालला होता. 'तिसऱ्या पानावरील नियम सहाप्रमाणे नखं कापली. वादी आणि प्रतिवादी दोघेही रडले.' आजचा मेसेज तसा नव्हता. 'पिल्लू रोज उठल्यावर बाथरूमच्या दारावर थापा मारतो. आज दार उघडून दाखवलं की तू आत नाहीस. आत जाऊन बादलीमागे बघून आला. मग गप्प झाला.' सासूबाई म्हणतात आठवण काढत नाही. रोज. बादलीमागे. तिने तीन वेळा वाचलं, आणि दर वेळी ती 'बादलीमागे'पाशी नाही, 'गप्प झाला'पाशी थांबली. रडणाऱ्या मुलाला कुणी विसरत नाही. रडणारं मूल स्वतःच आपली मोजणी करत असतं. गप्प मुलांचं तसं नसतं. गप्प मुलांचा नंबर दुसरंच कुणीतरी म्हणून टाकतं.

ती लॅबमध्ये कामाला होती. सकाळी आठपासून रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवायचे, नळी आडवी-उभी करून बघायची, यंत्रात लावायची. बाहेर बाकावर माणसं कापूस धरून बसलेली असत, पण तिच्यापर्यंत माणूस येत नसे, नळी येई. नळी आहे म्हणजे माणूस आहे. आठ वर्षांत एकदाही तिच्या हातून अदलाबदल झाली नव्हती. नंबर चिकटवल्यावर ती तो बोटाने दाबून बघे, एकदा, आणि पुन्हा एकदा. घरी गॅस दोनदा बघे, कडी दोनदा बघे, झोपलेल्या पिल्लाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे, आणि नवरा अंधारात म्हणे, "चालू आहे का?" लोकांना वाटे हिचा स्वभावच घाबरट. तसा तो नव्हता. सात वर्षांची होईपर्यंत तर नव्हताच. तेव्हा ती घरातली मनी होती, चार भावंडांतली तिसरी, पायांचा आवाज न करणारी, मांजरासारखी आली कधी गेली कधी न कळणारी. दादा भांडायचा, ताई रुसायची, धाकटा सतत कशावरून तरी पडायचा. मनीचं बरं होतं, मनीचा काही त्रास नव्हता. पाहुण्यांना आई अभिमानाने सांगायची, "ही आहे हे कळतसुद्धा नाही घरात."

संडे स्कूलची सहल होती. धरणाखालच्या बागेत. टेम्पोतून गेले होते सगळे, आया, मुलं, पातेली. परत निघताना ती पाण्याच्या टाकीमागे होती. टाकीच्या गळक्या नळाखाली एक सुरवंट पाण्याचा थेंब चुकवत भिंत चढत होता. थेंब पडला की तो थांबे, थेंब गेला की निघे, आणि त्याला वरपर्यंत पोचवल्याशिवाय तिथून जाणं तिला बरोबर वाटेना. टेम्पोचा आवाज ऐकून ती पळत आली तेव्हा तो फाटकाबाहेर पडत होता. ती ओरडली नाही. का ओरडली नाही, हे तिने पुढे चोवीस वर्षं स्वतःला विचारलं. आपण ओरडलो असतो तर आपल्याला विसरलेत हे खरं झालं असतं, असं काहीतरी असावं. बागेच्या माळ्याने तिला एक पेरू दिला आणि तो झाडांना पाणी घालत राहिला. तीही त्याच्या पाइपामागून चालत राहिली. ऊन उतरलं तेव्हा बाबा सायकलवरून आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. पुढच्या दांड्यावर बसून ती घरी आली. आई ओट्याशी होती. आईने वळून पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? हातपाय धू." बस्. तिला जवळ घेतलं नाही, तिला रागे भरलं नाही. हातपाय धू. त्या दिवसापासून ती पाहत होती. लग्नात, बाळंतपणात, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी, आईच्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती आणि काय ते तिला म्हणता येत नव्हतं. आई सत्तरीला आली आणि एक दिवस, कधी काही न मागणारी बाई, म्हणाली, "मला एकदा ते सगळं बघायचंय गं. शास्त्रात आहे ते." दादाला सुटी नव्हती, ताईचे गुडघे होते, धाकटा हसला. मनी म्हणाली, "मी नेते." दहा दिवस. पावणेदोन वर्षांचं पोर घरी टाकून. नवऱ्याला सांगितलं, आईचं हे एक राहिलंय. स्वतःला तिने खरं कारण सांगितलं नव्हतं : दहा दिवस शेजारीशेजारी राहिल्यावर कधीतरी आई आपणहून बोलेल. आणि सहा दिवस आई पहिल्या रांगेत बसली आणि ती शेवटच्या.

शहराच्या भिंती दिसू लागल्या. आता जर आई तिथे नसेल, तर तिच्याकडे आईचं शेवटचं म्हणून काय उरणार होतं? छत्री. छत्रीखालचा, न हसलेला चेहरा. आणि एक आकडा.

बस थांबण्यापूर्वीच ती दारात होती. मागून मोजणीबाई ओरडत होत्या, "सगळ्यांनी उतरायचं नाही, कुणीही उतरायचं नाही!" ती धावली. तिकीटखिडकी, फिरतं फाटक, मग उघडी फरशी, मग कोपरा, आणि कोपऱ्यावरून तिला त्या पायऱ्या दिसल्या, रुंद, पांढऱ्या, डोळ्यांना खुपणाऱ्या. मधोमध, सकाळी जिथे सगळे बसले होते त्याच्या दोन पायऱ्या वर, आई बसली होती. चपला काढून शेजारी जोडीने ठेवलेल्या. पाय झिजलेल्या दगडाच्या खळग्यात. डोक्यावर रुमाल. पलीकडे झाडूवाली बाई आपला झाडू टेकवून सावलीत बसली होती, आणि दोघींच्या मध्ये एका कागदावर सोललेलं संत्रं होतं.

"आई!"

"हळू ये. दगड गुळगुळीत आहेत."

ती पोचली, तिने आईचा दंड धरला, खांदा धरला, कपाळाला हात लावला, आणि मग मूठ उघडून गोळी पुढे केली. आईने त्या पांढरट पडलेल्या गोळीकडे पाहिलं. "ही चाटलीस की काय?" ती म्हणाली, आणि संत्र्याच्या फोडीबरोबर गिळून टाकली.

"तू... तू का नाही आलीस? सगळे उठले तेव्हा?"

"येणारच होते. तुझ्याशेजारी बसणार होते आज, सांगितलं होतं मी ऑर्गनबाईंना. म्हटलं दोन मिनिटं बसते आणि निघते. पाय निघेना. आणि मोजणी असतेच ना. सोळावर अडेल, मग कुणीतरी ओरडत येईल."

"अडली नाही," ती म्हणाली. "मी म्हणून टाकलं. सतरा-अठरा. फोनवर होते मी. तू नव्हतीस आणि मी तुझा नंबर म्हणाले."

झाडूवाली बाई दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिने आणखी एक फोड सोलून हिच्यापुढे धरली. हिने ती घेतली आणि हातातच ठेवली.

"बस जाताना दिसली मला इथून," आई म्हणाली. खाली, भिंतीपलीकडे, रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. तिथे आता तीच बस उभी होती. "हात केला मी. ओरडले नाही. माझा आवाज तो काय. गेली वळणावरून." आईने संत्र्याची साल कागदाच्या कडेला सारली. मग हिच्याकडे न बघता तिने विचारलं, "तुला दिसला होता का गं तो टेम्पो? जाताना?"

चोवीस वर्षं.

"दिसला. मागून. ताईची रिबीन दिसत होती."

आईने मान हलवली, जणू हिशेबातली एक जागा रिकामी होती ती भरली. "मला वाटलं, तू पुढे ड्रायव्हरपाशी बसलीस, दादाबरोबर. दादाला वाटलं माझ्यापाशी. घरी आले, चूल पेटवली, भात टाकला. तुमची चौघांची पानं घेतली. मनी, तीन पानांवर पोरं बसली आणि चौथं पान तसंच. मी त्याच्यावर वाढलंसुद्धा. वाढलं आणि मग बघितलं. तोवर मला कळलंच नव्हतं. आईला कळतं म्हणतात. मला भात वाढेपर्यंत कळलं नाही." तिने पायाच्या अंगठ्याने दगडातला खळगा चाचपला. "बाबा सायकल घेऊन गेले. मी त्या पानासमोर बसून होते. सायकल वाजली तशी उठून ओट्याशी गेले, की तू दारात आलीस तर तोंड कसं दाखवू? वळले, आणि तोंडाला आलं ते म्हणाले. हातपाय धू. दुसरं काही म्हणायला गेले असते तर मी खाली बसले असते तिथेच."

"मला वाटलं..." ती म्हणाली, आणि तिला काय वाटलं होतं ते एवढं मोठं होतं, आणि एवढं लहान, की ते तोंडातून बाहेर येईना.

"ठाऊक आहे. मांजरासारखी बघत असायचीस माझ्याकडे. मी नजर चुकवायचे." आई थोडं हसली. "मला नदी नको होती, तळं नको होतं. ते सगळं चांगलंच आहे, प्रभूचंच आहे. पण मला ही एवढीच जागा बघायची होती. चर्चमध्ये तो अध्याय आला की सगळे त्या पोराचं कौतुक करतात, किती हुशार, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारतो. मी आपली त्या बाईचा, त्याच्या आईचा, विचार करते. अख्खा दिवस चालली ती. एवढी ती, आणि तिलाही कळलं नाही. म्हटलं, जिथून ती धापा टाकत वर चढली असेल तिथे जाऊन जरा बसावं. सोबतीला." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "सकाळी ते हसले ना सगळे, ते नाही आवडलं मला."

"मी पण हसले."

"तू पण हसलीस."

आणखी कितीतरी विचारायचं होतं. पण खालून मोजणीबाई हातवारे करत येत होत्या, त्यांच्यामागे पाळकसाहेब, त्यांच्यामागे, न उतरण्याची ताकीद मिळालेले, जवळजवळ सगळेच. ती खाली बसली आणि तिने आईच्या पायात चपला सरकवल्या, पिल्लूच्या घालते तशा, टाच आधी. आईचे पाय गरम होते, दगडासारखे. झाडूवाल्या बाईने आईचा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं, आईनेही आपल्या भाषेत तिला म्हटलं, "येते हं, सांभाळून राहा," आणि दोघींना पुरतं समजलं.

बसमध्ये टाळ्या झाल्या. काका म्हणाले, "काकू, तीन दिवस तरी थांबायचं होतं, शास्त्राप्रमाणे!" आणि आई म्हणाली, "थांबले असते, पण संत्री संपली." त्यावर जो हशा झाला त्यात पहिल्यांदा आईचाही आवाज होता, बारीक, पण होता. ऑर्गनबाईंनी पर्स उचलली, आई तिच्या जुन्या जागी, पहिल्या रांगेत, खिडकीशी बसली, कारण गुडघे आखडले होते आणि तिथे पाय लांब होत. ही शेजारी बसली असती, पण ऑर्गनबाईंचे डोळे भरले होते आणि त्या आईचा हात सोडायला तयार नव्हत्या. ती मागे आपल्या जागेवर गेली. फोन काढला. नवऱ्याला लिहिलं, 'पिल्लूला बाथरूममध्ये रोज बघू दे. दार लावून घेऊ नकोस. आणि गप्प असला तर त्याच्याकडे जास्त बघ.' मग फोन बंद करून पिशवीत टाकला, पार तळाशी.

"आता प्रत्येकाने स्वतःचा नंबर स्वतः म्हणायचा," मोजणीबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा नाही. कळलं का, अठरा नंबर?" आणि मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन, तोंडातोंडातून पुढे सरकत, बारा, तेरा. तिच्या हातात ती संत्र्याची फोड अजून होती. पंधरा. सोळा. मग एक श्वासाएवढी जागा रिकामी राहिली, आणि पुढून, घसा खाकरून, कधी नव्हे इतक्या मोठ्याने, आई म्हणाली, "सतरा."

आता तिची पाळी. शब्द ओठांशी होता. बस थांबली होती, सगळे थांबले होते. कुणीतरी मागे वळलं. ती गप्प बसली. एक क्षण. आणखी एक. आणि मग पहिल्या रांगेत पांढरे केस हलले, आईने पुढच्या दांड्याला धरलं, आखडलेल्या गुडघ्यांवर जोर देऊन ती उठून उभी राहिली, वळली, आणि चष्मा कपाळावर सारून, एकेका सीटवर, एकेका चेहऱ्यावर नजर ठेवत, घाबऱ्या डोळ्यांनी ती शेवटच्या रांगेपर्यंत शोधत येऊ लागली. तिने आईला शोधू दिलं. नजर तिच्यापर्यंत पोचली, थांबली.

"अठरा," ती म्हणाली.